येतं सगळं, पेपरात चुकतं: बडोद्यातल्या एका एबीए उमेदवाराची तयारी

बडोद्यात ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर बरीच वर्षं काम केलेली एक विशेष शिक्षिका उपयोजित वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे वर्तन कशामुळे घडतं आणि टिकतं ते मोजून बदलण्याच्या शास्त्राच्या (सगळे ज्याला एबीए म्हणतात त्या विषयाच्या), प्रमाणपत्र परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली. त्याच सुमारास तिनेच हाताला धरून काम शिकवलेल्या सेंटरमधल्या दोन नव्या सहकारी मुली सुरुवातीच्या पातळीची परीक्षा पास झाल्या. तिला ते फार लागलं. दुसऱ्या खेपेच्या तयारीत पर्यवेक्षक म्हणून मी तिच्याबरोबर होते. तिची अडचण मला इतरही अनुभवी उमेदवारांत दिसते आणि तिच्यावर सगळे जो सल्ला देतात, "अजून नीट वाच", तोच नेमका घातक ठरतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सेंटरमधली मुलं तिला 'बेन' म्हणतात, सहकारी 'ताई'. इथे ताईच म्हणते.

उमेदवार आणि परीक्षा

ताई दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातली. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्रात बी.ए., नंतर विशेष शिक्षणाचा डिप्लोमा. घरी मराठी, सेंटरमध्ये मुलांशी आणि पालकांशी गुजराती, पेपर इंग्रजीत. नवरा शिफ्टच्या नोकरीत, मुलगा पाचवीत, सासूबाई घरात. अभ्यासाला वेळ मिळायचा तो रात्रीची जेवणं, ओटा सगळं आवरल्यावर.

परीक्षेबद्दल आधी थोडं सांगते, कारण इथेच पुष्कळांची गल्लत होते. या क्षेत्रातली सगळ्यात ओळखीची संस्था म्हणजे अमेरिकेतलं बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड, बीएसीबी. स्थापना १९९८ची. तिचं बीसीबीए हे प्रमाणपत्र पूर्वी भारतात राहूनही मिळवता यायचं. २०२३च्या सुरुवातीपासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज ती संस्था घेत नाही. तेव्हापासून इथले उमेदवार मुख्यतः क्यूएबीए (ही २०१२ सालची) आणि आयबीएओ या संस्थांकडे वळले. ताईची परीक्षा या दोघींपैकी एकीची: ऑनलाइन, कॅमेऱ्याच्या देखरेखीत, बहुपर्यायी. सरावाचं साहित्य मात्र अजूनही बहुतेक बीसीबीएच्या उमेदवारांसाठीच तयार झालेलं मिळतं. तो पेपर १८५ प्रश्नांचा आणि चार तासांचा असतो. त्यातले १७५ प्रश्न मोजले जातात, उरलेले दहा पुढच्या पेपरांसाठी आजमावले जातात, आणि ते दहा कोणते हे उमेदवाराला कळत नाही. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. आम्ही हाच वेग सरावासाठी धरला. विषयांच्या वजनासाठीही २०२५पासून लागू झालेली बीसीबीएची रूपरेषा समोर ठेवली: मूलभूत संकल्पना १४ टक्के, वर्तन बदलण्याच्या पद्धती १४, नीतिमत्ता १३, मूल्यमापन १३, मोजमाप १२, संशोधनाची रचना ७, तात्त्विक पाया ५, आणि बाकीचं हस्तक्षेपाची निवड आणि पर्यवेक्षण. तिच्या परीक्षेची विभागणी हुबेहूब अशी नव्हती, पण जोर कुठे द्यायचा ते कळायला एवढं पुरेसं होतं.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या भेटीतच सांगते. यातलं कुठलंही प्रमाणपत्र आरसीआयच्या, म्हणजे १९९२च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या, नोंदणीला पर्याय नाही. ताईकडे ती नोंदणी आधीपासून होती, म्हणूनच मी तिला या वाटेला जा म्हटलं. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी आधी तिकडचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिले पंधरा दिवस नुसती नोंद

पहिल्याच बैठकीत ताईने विचारलं, "मॅडम, कुठलं पुस्तक घेऊ आता?" मी म्हटलं, पुस्तक नको. पंधरा दिवस जसा करतेस तसाच अभ्यास कर, फक्त लिहून ठेव. तीन रकाने: बसण्याच्या जरा आधी काय झालं, बसून नेमकं काय केलं, आणि त्याच्या लगेच नंतर काय झालं. 'अभ्यास केला' असं लिहिलेलं चालणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसेल असंच लिहायचं: पान उलटलं, ओळ रंगवली, प्रश्न सोडवला, लॅपटॉप मिटला. ए-बी-सीची ही नोंद ती रोज मुलांसाठी करतेच. स्वतःसाठी करायची हे मात्र तिला विचित्र वाटलं, आणि पहिले दोन दिवस वही कोरी राहिली.

नंतर भरली ती अशी. बहुतेक रात्री तास-दीड तास ती खरंच बसत होती. घरात कोणी म्हणू शकलं नसतं की ही अभ्यास करत नाही. पण त्या तास-दीड तासातला जवळजवळ सगळा वेळ त्याच त्या नोट्स पुन्हा वाचण्यात आणि रंगवण्यात जात होता. सराव चाचणी तिने अगदी मोजक्या वेळा उघडली आणि एकदाही शेवटपर्यंत नेली नाही. एका रात्रीची नोंद जशीच्या तशी देते:

"१०.१० – चाचणी उघडली. चौथा प्रश्न चुकला. लॅपटॉप मिटला. प्रबलनाची वही काढली, गुलाबी हायलाइटर. नंतर: बरं वाटलं. हे तर येतंच."

या नोंदीवर आम्ही एक अख्खी बैठक घालवली. मी वही तिच्यापुढे सरकवून म्हटलं, समज ही नोंद सेंटरमधल्या एखाद्या मुलाची आहे. अवघड कागद समोर आला, एक उत्तर चुकलं, मुलाने कागद लोटला, ओळखीचं कोडं ओढून घेतलं, शांत झालं. याचं कार्य काय, म्हणजे यातून त्याला मिळतं काय? ती क्षणात म्हणाली, "सुटका." आणि मग गप्प झाली.

नोट्स पुन्हा वाचण्याने तिला ज्ञान मिळत नव्हतं, भीतीतून सुटका मिळत होती. ऋण प्रबलनाचं, म्हणजे नकोशी गोष्ट टळल्याने वर्तन बळावण्याचं, हे इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित हाती लागतं: चुकण्याची धास्ती समोर येते, ओळखीचं पान उघडलं की ती निघून जाते, आणि म्हणून ओळखीचं पान उघडणं वाढत जातं. परीक्षा जवळ येईल तशी धास्ती वाढणार, म्हणजे वाचनही वाढणार आणि चाचण्या आणखी लांब पडणार. पहिल्या खेपेला हेच झालं होतं, हे तिनेच मग सांगितलं. शेवटच्या महिन्यात एकही पूर्ण चाचणी नाही, वही मात्र तीन रंगांत रंगलेली.

दुसरंही एक आहे. पुन्हा वाचलेलं येतंय असं वाटतं, आणि हे वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्रीही जास्त होती. ताईच्या नोंदीतलं "हे तर येतंच" हे त्या पाच मिनिटांनंतरचं वाक्य होतं.

चुका कशा प्रकारच्या

ताईचं स्वतःचं निदान होतं, "माझं इंग्रजी कच्चं आहे." घरच्यांचंही तेच मत. मला ते पटत नव्हतं, पण पटत नाही म्हणून सोडून देणंही बरोबर नव्हतं, म्हणून तपासलं. चुकलेले काही प्रश्न मी थोडे दिवस जाऊ देऊन तिला मराठीत तोंडी विचारले, पर्यायांसकट. त्यातले बहुतेक ती पुन्हा चुकली, आणि चुकीचा पर्यायही बऱ्याचदा तोच निवडला. इंग्रजीमुळे वेळ जास्त लागत होता, एवढं खरं. उत्तर चुकण्याचं कारण दुसरीकडे होतं.

मग तिला मोठ्याने विचार करत प्रश्न सोडवायला लावले आणि मी लिहून घेत गेले. चुकांची विभागणी आम्ही धड्यांनुसार केली नाही, ती चुकीच्या पर्यायाकडे कशी पोचली त्यानुसार केली. धड्यांनुसार पाहिलं असतं तर चुका सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या असत्या आणि 'सगळंच पुन्हा वाच' हाच निष्कर्ष निघाला असता.

सगळ्यात मोठा गट पुढच्या उदाहरणात दिसेल. प्रश्न मी त्या धर्तीवर स्वतः रचला आहे. टेबलावर चित्रांची कार्डं मांडली की एक मुलगा ती फेकतो. शिक्षिका दर वेळी कार्डं उचलून ठेवते आणि त्याला दोन मिनिटं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवते. दोन आठवड्यांत कार्डं फेकणं वाढलं आहे. इथे कोणतं तत्त्व काम करतं आहे?

ताई मोठ्याने म्हणाली, "कोपऱ्यात बसवलं, म्हणजे टाइम-आउट. टाइम-आउट म्हणजे काहीतरी काढून घेऊन दिलेली शिक्षा." आणि ऋण शिक्षेवर खूण केली. उत्तर ऋण प्रबलन आहे. फेकणं वाढलं, म्हणजे जे काही घडलं त्याने ते बळावलं. आणि फेकल्यावर निघून काय गेलं? कार्डांचं काम. शिक्षिकेच्या मनात शिक्षा होती, मुलाला मिळाली सुटका.

आता हीच गोष्ट सेंटरमध्ये घडली असती तर ताईने पहिल्या दिवशी संध्याकाळीच ओळखली असती. मी तिला तसं ओळखताना अनेकदा पाहिलं आहे, त्या नजरेचं मला कौतुकही आहे. मग कागदावर का चुकते? सेंटरमध्ये मूल समोर असतं आणि पुढचा आठवडा आपोआप येतो. कागदावर तो पुढचा आठवडा शेवटच्या ओळीत असतो, आणि तिथे पोचेपर्यंत तिने मोठ्या माणसाचा हेतू बघून उत्तर ठरवलेलं असतं. अनुभवी माणसाला हा धोका जास्त. "खुर्चीवर बसवते" एवढं वाचताच डोळ्यांसमोर ओळखीचं दृश्य उभं राहतं आणि बाकीचा प्रश्न त्या दृश्यात विरघळून जातो. नव्या मुलींच्या मनात अजून दृश्यंच नसतात, त्या बिचाऱ्या ओळ न् ओळ वाचतात. त्या दोघी पास का झाल्या, याचं मला पटणारं उत्तर हे आहे.

दुसरा गट नीतिमत्तेचा. इथे ती नियम विसरत नव्हती. सगळ्यात मायाळू वाटणारा पर्याय निवडत होती. बडोद्यात, त्यातही आपल्या मराठी वस्तीत, हे अवघडच आहे. सेंटरमध्ये येणाऱ्या दहा घरांपैकी दोन-तीन कुठून ना कुठून नात्यातली निघतात. दिवाळीला मिठाईचा खोका येतो, आणि तो परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. बीएसीबीच्या २०२२पासून लागू असलेल्या संहितेत दहा डॉलरहून अधिक किमतीची भेट देऊ-घेऊ नये असं स्पष्ट आहे, आणि सेवा सुरू करतानाच कुटुंबाला याची कल्पना द्यावी असाही रोख आहे. ताईला दहा डॉलर पाठ होते. पेपरात मात्र ती "भेट स्वीकारून आभार मानावेत आणि ती सहकाऱ्यांत वाटून टाकावी" या पर्यायावर जायची, कारण प्रत्यक्षात ती तेच करत आली होती.

तिसरा गट निव्वळ न येण्याचा होता आणि तो सगळ्यात लहान निघाला. प्रेरक स्थिती (गोष्ट हवीशी करणारी) आणि भेददर्शक उद्दीपक (ती आता मिळेल हे सांगणारी खूण) यांच्यातला फरक, मध्यांतर नोंदीचे, म्हणजे वेळेचे तुकडे पाडून वर्तन मोजण्याचे, प्रकार, थोडीफार संशोधनाची रचना. याचं तिला वाईट वाटत होतं, मला बरं वाटलं. न येणारं शिकवता येतं.

योजना

सुटकेसाठी होणारं वर्तन नुसतं बंद करायला गेलं की ते उसळतं, हे आम्ही दोघी मुलांच्या बाबतीत जाणतो. म्हणून वही हिसकावून घेतली नाही. सुटका कशाच्या बदल्यात मिळेल, तेवढं बदललं. रोज आधी फक्त पाच प्रश्न. बरोबर असोत, चूक असोत, पाच पुरे झाले की लॅपटॉप मिटायचा आणि हवी तर वही उघडायची. एखादा प्रश्न चुकला म्हणून मध्येच लॅपटॉप मिटला तर त्या रात्री वही नाही, सरळ झोप. पाच प्रश्नांना लागायचे सहा-सात मिनिटं, तेवढी धास्ती तिला झेपत होती. चार-पाच रात्री नीट गेल्या की आकडा थोडा वाढवायचा. तो कधी वाढवायचा हे तिच्या मनावर सोडलं नाही, नोंदीवर ठेवलं. मनावर ठेवलं असतं तर एखाद्या उत्साहाच्या रात्री तिने शंभर प्रश्न काढले असते आणि पुढचे आठ दिवस लॅपटॉपकडे पाहिलं नसतं.

पहिल्या गटातल्या चुकांसाठी एकच नियम केला: प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची. वर्तन वाढलं की कमी झालं ते कागदावर बाणाने लिहायचं, मग वर्तनानंतर काय आलं किंवा काय गेलं ते लिहायचं, आणि एवढं झाल्याशिवाय पर्यायांकडे बघायचं नाही. पर्याय ती चक्क पोस्टकार्डाने झाकून ठेवायची. परीक्षेत स्क्रीनवर काही झाकता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पुढे पोस्टकार्ड काढून घेतलं आणि डोळे आधी खाली नेण्याची सवय तेवढी ठेवली.

व्याख्यांसाठी कार्डं. ही पद्धत ऑग्डेन लिंडस्ली या वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांच्या विद्यार्थ्याची, प्रिसिजन टीचिंग या वेग मोजत शिकवण्याच्या पद्धतीतून आलेली, आणि 'सॅफमेड्स' या नावाने ओळखली जाते. एका बाजूला व्याख्या किंवा छोटं उदाहरण, दुसऱ्या बाजूला संज्ञा. गड्डी पिसायची, एक मिनिट लावायचं, व्याख्या बघून संज्ञा मोठ्याने म्हणायची, कार्ड उलटून बरोबर-चूक अशा दोन ढिगांत टाकायचं, मिनिट संपलं की दोन्ही ढीग मोजून आलेखावर मांडायचे. इथे वेग हाच मुद्दा आहे. अडखळत आठवणारी संज्ञा पेपरात वेळ खाते, आणि मूळ प्रश्न समजून घ्यायला डोकं शिल्लक राहत नाही. ताई सुरुवातीला मिनिटाला दहा-बाराच्या आसपास होती. मोबाइल लावून मिनिट मोजायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. त्यांना इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे चूक झाली तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, आणि ढीग मोजून झाला की "कालच्यापेक्षा तीन जास्त गं" एवढंच म्हणायच्या. याहून चांगला निरीक्षक मला शोधून सापडला नसता. या एका गोष्टीने त्या घरातला अभ्यास हा ताईचा एकटीचा राहिला नाही.

न येणाऱ्या भागासाठी तिने उदाहरणांची वही केली. नियम असा की प्रत्येक संकल्पनेला बडोद्यातलं, स्वतः पाहिलेलं उदाहरण हवं आणि त्याच्या शेजारी अगदी तसंच दिसणारं पण त्यात न बसणारं दुसरं हवं. प्रेरक स्थिती आणि भेददर्शक उद्दीपकाची तिची जोडी मी आता इतरांनाही देते. मे महिन्यात भर दुपारी कमाटीबागेतून चालत आल्यावर पाण्याची किंमत वाढते, आणि ज्या ज्या गोष्टीने पूर्वी पाणी मिळालं ती आपण करू लागतो. ही प्रेरक स्थिती. पाणपोईवर माणूस बसलेला आहे, म्हणजे ओंजळ पुढे केली की पाणी मिळणार. हा भेददर्शक उद्दीपक. पाणपोई बंद असली म्हणून तहान कमी होत नाही, आणि पोट भरून पाणी प्यायलं असेल तर उघडी पाणपोईही आपण ओलांडून जातो. एक हवं असण्याबद्दल सांगतं, दुसरं मिळण्याबद्दल. हे लिहून झाल्यावर त्या प्रकारच्या प्रश्नात ती क्वचितच अडली.

मध्यांतर नोंदीचं गाडं तिने घरीच सोडवलं. मुलगा गृहपाठ करताना पेन्सिल आपटतो, त्याचं पाच मिनिटांचं चित्रण त्याला सांगून केलं आणि एकच चित्रण तीन तऱ्हेने मोजलं. घड्याळ लावून आपटण्याचा एकूण वेळ निघाला एक मिनिट, म्हणजे २० टक्के. मग पंधरा सेकंदांचे वीस तुकडे केले. तुकड्यात एकदा जरी आपटलं तरी खूण, या आंशिक पद्धतीने अकरा तुकडे भरले: ५५ टक्के. पूर्ण तुकडाभर आपटलं तरच खूण, या संपूर्ण पद्धतीने एक तुकडा: ५ टक्के. वर्तन तेच, मूल तेच. आंशिक पद्धत फुगवून सांगते आणि संपूर्ण पद्धत कमी सांगते, हे वाक्य तिने आधी कितीदा तरी रंगवलं होतं. आता तिला त्यातला धोका कळला. एखाद्या मुलाचं वर्तन कमी करायचं आहे आणि आपण मोजतोय संपूर्ण पद्धतीने, तर आपल्याला सुधारणा झाल्यासारखी वाटेल आणि मूल होतं तिथेच असेल. त्याच आठवड्यात तिने सेंटरमधली एका मुलाची नोंद पद्धत बदलली. परीक्षेच्या तयारीतून मुलांच्या पदरात पडलेली ही पहिली गोष्ट.

पूर्ण लांबीच्या चाचण्या शेवटच्या टप्प्यात, रविवारी, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून उभ्या केलेल्या ग्रंथालय व्यवस्थेचं हे मुख्य केंद्र. तिथे जायचं कारण अगदी व्यावहारिक होतं. घरच्या टेबलाशी वही आणि हायलाइटर इतके जोडले गेले होते की तिथे बसलं की हात तिकडेच जायचा. लायब्ररीत फक्त छापलेली चाचणी, पेन आणि घड्याळ न्यायचं. मोठ्याने म्हणायची कार्डं तिथे चालणारच नव्हती, त्यामुळे कुठली गोष्ट कुठे करायची याची विभागणीही आपोआप झाली.

काय झालं

पहिले काही आठवडे सोडवलेल्या प्रश्नांची संख्या वाढत गेली आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण जागच्या जागी राहिलं. याच काळात ताई दोनदा म्हणाली की हे सोडून पुन्हा वाचायला लागते. मी तिला आलेख दाखवला. बरोबर उत्तरांची रेघ सपाट होती, पण चाचणी अर्धवट मिटण्याची रेघ शून्यावर आली होती, आणि त्या टप्प्यात आम्हाला तेवढंच हवं होतं. शेवटची ओळ आधी वाचायचा नियम रुळल्यावर पहिल्या गटातल्या चुका लवकर उतरल्या. कार्डांचा वेग दुपटीच्या वर गेला. नीतिमत्तेच्या चुका सगळ्यात सावकाश कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, आणि तपासून बघायला वेळही उरला.

श्रेय कशाचं

ज्या शास्त्राची परीक्षा, त्याच शास्त्राच्या कसोटीवर हे तपासलं तर जपून बोलावं लागतं. आधी नोंद आणि मग योजना, एवढीच ही रचना. योजना काढून घेऊन घसरण होते का ते आम्ही पाहिलं नाही. परीक्षा तोंडावर असताना तसं पाहणं योग्यही नव्हतं. शिवाय खरा पेपर तिने एकदा अनुभवलेला होता, आणि त्याचा फायदा कुणालाही होतोच. कार्डांचा वेग वाढणं आणि प्रश्न बरोबर येणं यांचा संबंध या नोंदींतून सिद्ध होत नाही.

एका बाबतीत मात्र मी थोडं ठामपणे बोलेन. तिन्ही गटांवरचे उपाय एकाच दिवशी सुरू झाले नव्हते. शेवटच्या ओळीचा नियम आधी आला, पाणपोई आणि पेन्सिलचं काम त्यानंतर, नीतिमत्तेचं सगळ्यात शेवटी. प्रत्येक गटातल्या चुका आपापला उपाय सुरू झाल्यावरच कमी झाल्या, तोवर होत्या तशाच राहिल्या. ठरवून केलेली बहुविध आधाररेषा (उपाय मुद्दाम वेगवेगळ्या वेळी सुरू करून त्यांचा परिणाम तपासण्याची रचना) ती नव्हे, पण नुसता सराव वाढल्याने सगळं सुधारलं असतं तर तिन्ही रेघा एकदमच खाली आल्या असत्या. त्या तशा आल्या नाहीत.

पुढच्या उमेदवारांसाठी

सेंटरमधल्या त्या दोन मुली आता पुढच्या पातळीच्या तयारीला लागल्या आहेत आणि ताई त्यांच्याबरोबर बसते. पंधरा दिवसांची नोंद त्यांनी परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच सुरू केली. एकीच्या वहीत पुन्हा वाचण्याचं नावही नाही. तिचा वेळ नोट्स सुंदर अक्षरात उतरवण्यात जातो, आणि तेही चाचणी उघडल्यावर लगेच. दुसरी चाचण्या सोडवते पण चुकलेल्या उत्तरांचं स्पष्टीकरण कधी उघडत नाही. तिघींचं बाहेरून दिसणारं वर्तन वेगळं आहे, म्हणून एकीची योजना दुसरीला जशीच्या तशी दिलेली नाही.

नीतिमत्ता या वेळी पहिल्या आठवड्यापासून घेतली आहे, कारण तीच सगळ्यात उशिरा वळते. छापील प्रश्नांबरोबर बडोद्यातले खरे पेच त्या लिहून काढतात: आई मुलाच्या सत्राचं चित्रण व्हॉट्सॲपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते तेव्हा काय म्हणायचं, गणपतीत पालक घरी जेवायला बोलावतात तेव्हा काय करायचं, आणि ते गुजरातीत आणि मराठीत कुणाचं मन न दुखवता कसं बोलायचं. दिवाळीच्या खोक्यावर तोडगा निघाला आहे. प्रवेशाच्या वेळीच पालकांना देण्याच्या कागदावर दोन ओळी घातल्या, त्यामुळे ऐन सणात दारात उभं राहून नाही म्हणायची वेळ येत नाही. नात्यातल्या मुलाचं काय, यावर मात्र अजून एकमत नाही. ताईच्या चुलत नणंदेचा मुलगा प्रवेशाच्या यादीत आहे, आणि त्याचा कार्यक्रम दुसऱ्या सेंटरच्या पर्यवेक्षकाने बघावा यासाठी मी या आठवड्यात दोन ठिकाणी बोलते आहे.